ग्रेगरी पिंकस

ग्रेगरी गुडविन पिंकस (९ एप्रिल १९०३ – २२ ऑगस्ट १९६७) हे अमेरिकन जीवशास्त्रज्ञ होते. पोटात घ्यावयाच्या संप्रेरकयुक्त गर्भनिरोधक गोळीचे जनक म्हणून ते ओळखले जातात. मात्र हे श्रेय त्यांच्या एकट्याचे नाही.

प्रारंभिक जीवन

पिंकस यांचा जन्म न्यू जर्सी राज्यातील वुडबाइन येथे ज्यू कुटुंबात झाला. कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेतल्यावर १९२७ साली त्यांनी हार्वर्ड विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली व पुढे तेथेच अध्यापन केले. सशाच्या अंड्याचे शरीराबाहेर फलन घडवून आणल्याचे त्यांनी १९३४ साली जाहीर केले. त्यावर वृत्तपत्रांतून काचपात्रात माणसे घडविण्याची भीतिदायक वर्णने छापून आली. १९३७ साली हार्वर्डने त्यांना कायम नेमणूक नाकारली. मित्र हडसन होगलंड यांनी त्यांना वूस्टर येथील क्लार्क विद्यापीठात आणले आणि १९४४ साली दोघांनी वूस्टर फाउंडेशन ही स्वतंत्र संशोधनसंस्था स्थापन केली.

गोळीचे संशोधन

प्रोजेस्टेरॉन दिल्यास सशाच्या मादीत अंडोत्सर्ग होत नाही, हे १९३७ सालीच दिसून आले होते. संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांच्या आग्रहावरून पिंकस व त्यांचे चिनी वंशाचे सहकारी मिन च्युए चांग यांनी १९५१ च्या सुमारास हे काम पुन्हा हाती घेतले. १९५३ पासून कॅथरिन मॅककॉर्मिक या धनाढ्य विधवेने त्याचा खर्च उचलला. पोटातून घेतलेले नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन फारसे लागू पडत नसे. फ्रँक कोल्टन यांनी तयार केलेल्या नॉरएथिनोड्रेल या कृत्रिम संप्रेरकामुळे ही अडचण दूर झाली.

अंडाशयातील अंडे पक्व होऊन बाहेर पडण्यासाठी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे आदेश लागतात. गोळीतील संप्रेरकांमुळे हे आदेश थांबतात व अंडोत्सर्ग टळतो. शिवाय गर्भाशयमुखातील स्राव घट्ट होऊन शुक्रजंतूंची वाट अडते आणि गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते. सुरुवातीच्या गोळ्यांत मेस्ट्रॅनॉल हे इस्ट्रोजेन अशुद्धी म्हणून मिसळले गेले होते. ते काढून टाकताच मध्येच रक्तस्राव होऊ लागला, म्हणून ते ठरावीक प्रमाणात मुद्दाम ठेवण्यात आले. दोन संप्रेरकांची संयुक्त गोळी अशी जवळजवळ अपघातानेच जन्मास आली.

चाचण्या आणि दुष्परिणाम

मॅसॅच्युसेट्स राज्यात गर्भनिरोधनावर कायद्याने बंदी होती. त्यामुळे बोस्टनचे स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन रॉक यांच्या पहिल्या चाचण्या वंध्यत्वाच्या अभ्यासाच्या नावाखाली झाल्या. मोठी चाचणी १९५६ साली प्वेर्तो रिको बेटावरील रिओ पिएद्रास येथे सुरू झाली. तेथील गरीब स्त्रियांना गोळीने मूल होणार नाही एवढे सांगितले गेले. हा प्रयोग आहे, हे सांगितले गेले नाही. चाचणीवर देखरेख करणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी गोळी परिणामकारक असल्याचे कळवले, पण १७ टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, पोटदुखी व उलट्यांचा त्रास होत असल्याने ती सर्रास देण्याजोगी नाही, असे मतही नोंदवले. पिंकस यांनी यातील बराचसा त्रास मानसिक ठरवला. पिंकस यांच्या कारकिर्दीतील ही सर्वांत मोठी चूक होय. एनोव्हिड गोळीत १० मिलिग्रॅमच्या आसपास संप्रेरके होती, आणि हे प्रमाण गरजेपेक्षा कितीतरी अधिक होते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९५७ साली एनोव्हिडला मासिक पाळीच्या विकारांसाठी व १९६० साली गर्भनिरोधक म्हणून मान्यता दिली. रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याची पहिली नोंद १९६१ साली झाली. हा धोका प्रामुख्याने इस्ट्रोजेनमुळे येतो, आणि पस्तिशी ओलांडलेल्या धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांत गोळीमुळे हृदयविकार व पक्षाघाताची भीती बरीच वाढते. पुढे मात्रा कमी करण्यात आली. भारतात शासकीय केंद्रांतून विनामूल्य मिळणाऱ्या माला-एन गोळीत केवळ ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल व ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडायॉल असते. पाकिटातील शेवटच्या ७ गोळ्या लोहाच्या असतात.

अखेर

१९६५ साली पिंकस यांची अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड झाली. त्याच वर्षी त्यांचा 'द कंट्रोल ऑफ फर्टिलिटी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अस्थिमज्जेच्या विकाराने त्यांचे बोस्टन येथे निधन झाले. गोळीच्या वेष्टनात रुग्णांसाठी धोक्यांची माहिती देणे अमेरिकेत १९७० साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर ३ वर्षांनी, आवश्यक ठरले.