फेझंटवाले डेनीसाहेब

संस्थानी शहरांतल्या जुन्या घरांतून तितर-लाव्यांच्या शिकारीच्या गोष्टी अजून निघतात. पण शिकारीचे पाखरूच समुद्रापलीकडून आणून परमुलखात वसवणारा माणूस विरळाच. ओवेन निकर्सन डेनी हे त्या थोड्या मंडळींत अग्रगण्य. वकील, न्यायाधीश, परराष्ट्र वकिलातीतले अधिकारी आणि एका राजाचे सल्लागार, असा हा मोठा असामी. तरी अमेरिकेत त्यांचे नाव राहिले ते कोंबडीएवढ्या एका पक्ष्यामुळे. ह्या विसंगतीमुळेच मला हा माणूस सांगावासा वाटतो.

डेनींचा जन्म १८३८ साली ओहायो प्रांतात झाला. १८५२ मध्ये, चौदाव्या वर्षी, ते घरच्या मंडळींबरोबर गाड्यांच्या तांड्यातून पश्चिमेकडे ओरेगॉनला आले. तेथे वकिली, मग न्यायाधीशाची जागा, हे सारे यथासांग झाले. पत्नी गर्ट्रूड यांनी १८४७ सालची व्हिटमन मिशनवरची कत्तल लहानपणी अनुभवली होती व त्या तीतून वाचल्या होत्या. १८७७ मध्ये डेनी तिएनत्सिनला अमेरिकेचे वकील म्हणून गेले आणि पुढे शांघायला मुख्य वकील झाले.

चीनमध्ये त्यांच्या नजरेत भरला तो फेझंट. हा मोराच्या आणि आपल्या रानकोंबड्याच्या कुळातला पक्षी. नराच्या गळ्याभोवती पांढरा पट्टा, अंगावर तांब्याची झाक आणि मागे लांब शेपटी. आपल्या ओरेगॉनच्या खोऱ्यात हा सुखाने नांदेल, असे त्यांनी मनाशी घेतले. १८८१ मध्ये सुमारे साठ पक्षी ओटॅगो नावाच्या जहाजावर चढवले गेले. गंमत अशी, की महासागर त्यांनी निभावून नेला. मात्र पोर्ट टाउनसेंड बंदरात उतरल्यावर पोर्टलंडपर्यंतच्या उरलेल्या वाटेत बहुतेक दगावले.

पक्षी पाळणाऱ्याला ह्याचे नवल वाटणार नाही. फेझंट घाबरला की सरळ वर उसळी मारतो. खोके उंच असले तर त्याला वेग घ्यायला जागा मिळते आणि टाळू फुटते. म्हणून जाणती माणसे खोके बुटके ठेवतात, छताला कापड ताणतात आणि आत अंधार राखतात. पण हवेला भोके हवीतच. गर्दी केली तर खालची पिले गुदमरतात, फार मोकळे ठेवले तर धक्क्यासरशी एका कोपऱ्यात ढीग होतो. सोडण्याची रीतही तशीच संथ. खोके झाडोऱ्याच्या आडोशाला ठेवावे, जवळ दाणापाणी मांडावे, दार उघडून माणसाने मुकाट्याने बाजूला व्हावे. हाकून बाहेर काढलेला पक्षी भेदरून दूर उडतो आणि कोल्ह्याच्या तोंडी पडतो. हे काम धीराचे आहे, पैशाचे नव्हे.

डेनींनी धीर सोडला नाही. १८८२ मध्ये आइल ऑफ ब्यूट जहाजावरून दुसरी तुकडी रवाना झाली आणि लिन परगण्यात पीटरसन टेकडीवर, भावाच्या जमिनीलगत, मोकळी झाली. ह्या खेपेस पक्षी टिकले.

डेनी मात्र पूर्वेकडेच गुंतले. १८८६ मध्ये ली हुंगचांग यांच्या शिफारशीवरून ते कोरियाचा राजा कोजोंग याचे सल्लागार झाले. तेथे चीनचा रेसिडेंट युआन शिकाई ठाण मांडून होता. रेसिडेन्सीच्या कोठीची सावली दरबारावर कशी पडते, हे ह्या पानाच्या वाचकाला मी काय सांगावे! चीनने पाठवलेल्या ह्या माणसाने १८८८ मध्ये पुस्तिका लिहून कोरिया स्वतंत्र असल्याचे प्रतिपादन केले. मला ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत धैर्याची गोष्ट वाटते. उपयोग झाला नाही. १९१० मध्ये जपानने तो देश गिळला. राजाने निरोपाच्या वेळी दिलेला झेंडा मात्र १९८१ मध्ये सेऊलच्या राष्ट्रीय संग्रहालयात परत गेला. तो सर्वांत जुन्या उपलब्ध कोरियन झेंड्यांपैकी समजतात.

ते परतले तेव्हा खोरे फेझंटांनी भरून गेले होते. कायद्याने इतकी वर्षे बंदी होती. १८९२ मध्ये पंचाहत्तर दिवसांचा पहिला हंगाम खुला झाला आणि पहिल्याच दिवशी पन्नास हजार पक्षी पडल्याचे सांगतात. आकडा ऐकून अंगावर काटा येतो खरा. पण दहा वर्षांपूर्वी तेथे मूठभरच होते, हेही लक्षात घ्यावे. त्याच साली डेनी ओरेगॉनच्या सिनेटवर निवडून आले. १९०० साली ते वारले.

पुढे इतर प्रांतांनी हाच कित्ता गिरवला. सरकारी पैदास केंद्रे निघाली, हजारो पिले वाढवून खोक्यांतून शेताशेतांवर पोहोचू लागली. दक्षिण डकोटाने तर १९४३ मध्ये ह्या चिनी पाहुण्याला आपला राज्यपक्षी केले. सारेच गोड झाले असे नाही. तिथल्या देशी प्रेअरी कोंबडीच्या घरट्यात फेझंट अंडी घालतो, आणि तिची स्वतःची पिले कमी होतात.

ज्या खोऱ्यात हे सारे सुरू झाले, तेथे शेतीची रीत पालटली, बांध आणि झुडपे गेली आणि रानटी फेझंट आता फारच थोडे उरले. म्हणून दर वर्षी हंगामाच्या तोंडावर पैदास केंद्रांतले पक्षी तेथे पुन्हा खोक्यांतून आणून सोडतात.