भिंतीवरची लक्ष्मी

पावसाळ्याआधी आम्ही कल्याणच्या जुन्या वाड्यातली खोली रिकामी केली. भिंतीवरची लक्ष्मीची तसबीर उतरवली तर काच तडकलेली, कडेला वाळवी. पण साडीच्या काठावर कुणीतरी जर आणि बारीक टिकल्या शिवलेल्या. आजेसासूबाईंनीच, दुसरं कोण! भंगारवाला फ्रेमसकट चाळीस रुपये देत होता. खालची बारीक अक्षरं वाचली नि मी ती परत आत आणली. रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा.

राजा रविवर्मांचा जन्म १८४८ चा, केरळातल्या किळिमानूरचा. चित्रकलेचे पहिले धडे मामांकडे. १८६६ मध्ये लग्न झालं, तेव्हा पत्नी भागीरथीबाई अवघ्या बारा वर्षांच्या. पुढे रविवर्मा संस्थानं फिरत राहिले, मुलंबाळं बाईंनी सांभाळली, आणि १८९१ मध्ये त्या गेल्याही. त्यांच्याबद्दल पुस्तकांतून दोन-चार ओळींपलीकडे काही सापडत नाही, याचं मला वाईट वाटतं.

व्हिएन्ना, शिकागोच्या प्रदर्शनांत बक्षिसं मिळाली, बडोद्याच्या महाराजांनी चित्रं काढून घेतली. पण ती राजवाड्यात. साध्या घरात देव कुठून येणार? चित्रं छापून घ्या, असं सर टी. माधवराव यांनी सुचवलं होतं. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला. यंत्रं आणि कारागीर जर्मनीहून आले. दगडावर उलटं चित्र काढायचं, आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड! मग ज्यांना देवळात पाऊल टाकायची मनाई होती, त्यांच्याही घरात लक्ष्मी-सरस्वती आल्या. चित्रांतल्या कितीतरी नायिका तर आपली नऊवारी नेसलेल्या.

धंदा मात्र त्यांना जमला नाही. शहरात प्लेग, डोक्यावर कर्ज. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि काही वर्षांतच फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच छापखान्यात कामाला होते. १९०५ मध्ये सावलीसारखा सोबत राहणारा धाकटा भाऊ राजराजवर्मा गेला, आणि १९०६ च्या ऑक्टोबरात रविवर्माही. चित्रं मात्र छापली जातच राहिली. कॅलेंडरवर, आगपेटीवर, साबणाच्या जाहिरातीत. म्हणजे आमच्या लक्ष्मीचा एक पैसाही कदाचित त्यांच्या हाती पडला नसेल. १९७२ मध्ये छापखाना आगीत जळाला.

अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटातली बेसबॉल खेळाडूंची जुनी चित्रं लाखो डॉलरना जातात. आपल्याकडेही या तसबिरी शोधत फिरणारे संग्राहक आहेत, टिकल्या लावलेल्या तर त्यांना हव्याच असतात. तेव्हा माळा आवरताना फ्रेम उघडून खालची अक्षरं वाचा, आणि फ्रेमवाल्याला ती कड कापू देऊ नका.

आमची लक्ष्मी अजून दुरुस्तीला गेलेली नाही. दिवाळीचं पूजन होऊ दे, मग ने, असं सासूबाईंचं म्हणणं. तडकलेल्या काचेवर रोज कुंकू लागतंय.