पडद्यावरचा गुंड, आईचा श्रावणबाळ

व्यसनमुक्तीच्या कामासाठी वस्तीत फिरताना एक प्रश्न हटकून कानावर येतो. बाप असा पिणारा, मग पोरगं तरी कुठं सरळ निघणार? विचारणारी कधी शेजारीण असते, कधी आत्या, तर कधी खुद्द त्या मुलाची आईच. अशा मैत्रिणींना मी हल्ली जेम्स कॅग्नीची गोष्ट सांगते.

कॅग्नी हा हॉलिवूडचा जुना, गाजलेला नट. त्याचा १९३१ सालचा ‘द पब्लिक एनिमी’ हा कृष्णधवल सिनेमा मुलीने लावून दिला म्हणून पाहिला. अमेरिकेत १९२० ते १९३३ अशी तेरा-चौदा वर्षं दारूबंदी होती, तेव्हाची ही कथा. बंदी लागू होण्याआधी लोकांची कोण धावपळ! बाळ कडेवर आणि बाबागाडीत दारूच्या बाटल्या! मग चोरट्या दारूवर टॉम नावाचा तरुण गबर होतो. सकाळच्या न्याहारीला तो मैत्रिणीच्या तोंडावर फळाची अर्धी फोड चिरडतो, तो प्रसंग तर जगभर गाजला. आणि शेवट? आई वरच्या खोलीत आनंदाने लेकासाठी बिछाना घालतेय आणि खाली दारात शत्रूंनी आणून टाकलेलं त्याचं प्रेत. माझ्या तर पोटात कालवलं.

हा टॉम म्हणजे कॅग्नी. इतका अस्सल गुंड साकारणारा हा माणूस खऱ्या आयुष्यात कसा असेल, या कुतूहलाने मी त्याच्याविषयी वाचलं, आणि थक्क झाले.

त्याचा जन्म १८९९ चा, न्यूयॉर्कमधल्या गरीब वस्तीतला. वडील दारूच्या गुत्त्यावर दारू वाढायचे आणि स्वतःही भरपूर प्यायचे. आई कॅरोलिनला सात मुलं झाली, त्यातली दोन तान्हेपणीच गेली. गल्लीत रोज मारामाऱ्या. जेम्सही मुष्टियुद्धात तरबेज. त्यावर पोट भरावं असं त्याच्या मनात आलं, तेव्हा आईने अट घातली, आधी मला हरवून दाखव! विषय तिथेच मिटला. त्याच्या गल्लीतल्या एका मित्राला मात्र पुढे तुरुंगात मृत्युदंड झाला. गल्ली तीच, गरिबी तीच.

१९१८ च्या फ्लूच्या साथीत वडील गेले. आई तेव्हा गरोदर होती. जेम्सने कॉलेज सोडलं. दुकानात पुड्या बांधल्या, ग्रंथालयात पुस्तकं लावली, पडेल ते काम केलं. पहिल्यांदा रंगमंचावर नाचला तो चक्क बाईच्या वेषात! पुढच्या एका नाटकात आठवड्याला ५५ डॉलर मिळायचे, त्यातले ४० तो आईला पाठवायचा. त्याचे दोन भाऊ डॉक्टर झाले. पाठीमागे जन्मलेली बहीण जीन अभिनेत्री झाली.

त्याच नाटकात त्याला बिली भेटली. तिचं खरं नाव फ्रान्सेस विलार्ड व्हर्नन. दारूविरोधात अमेरिकेतल्या बायकांना एकत्र आणणाऱ्या पुढारी बाईंचं नावही फ्रान्सेस विलार्डच. आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत त्यांना भेटल्या होत्या. तर जेम्स आणि बिलीचं १९२२ मध्ये लग्न झालं, ते १९८६ मध्ये त्याने डोळे मिटेपर्यंत टिकलं. पडद्यावर बाईवर हात उगारणाऱ्या या नटाचा संसार ६३ वर्षांचा! त्या फळाने मात्र त्याचा पिच्छा सोडला नाही. हॉटेलात लोक गमतीने त्याच्यासमोर ते आणून ठेवायचे.

एकाच छापाच्या भूमिकांना कंटाळून तो बलाढ्य स्टुडिओशी कोर्टात भांडला आणि जिंकला. नटांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. १९४२ च्या ‘यांकी डूडल डँडी’ या नाचगाण्यांच्या सिनेमासाठी त्याला ऑस्कर मिळालं. हे वैभव पाहूनच १९४५ मध्ये आई गेली.

सगळं गोडच होतं असं नाही हं. त्याने दोन मुलं दत्तक घेतली होती, पण त्यांच्याशी अंतर पडलं. मुलगा १९८४ मध्ये बापाच्या आधी गेला. आदर्श मुलगा आदर्श बाप होतोच असं नाही.

तरीही कॅग्नी मला महत्त्वाचा वाटतो. बापाची बाटली मुलाच्या कपाळी लिहिलेली नसते, हे त्याच्या घराने दाखवलं. त्याच वेळी, सिनेमातली आई काही वाईट नव्हती. तीही जीव लावणारीच होती, आणि तरी तिचा टॉम गेला. म्हणून मुलगा बिघडला की आईलाच बोल लावणं मला पटत नाही. कॅरोलिनने नवऱ्याची दारू सोडवली नाही, ते तिच्या हातात नव्हतंच. तिने मुलांना शाळेत टिकवलं, सगळ्यांची कमाई एका घरात गोळा केली आणि प्रसंगी लेकासमोर पदर खोचून उभी राहिली.

तुमच्या शेजारी असं एखादं घर असेल, तर त्या पोराकडे पाहून दारुड्याचा पोरगा असं निदान त्याच्या कानावर पडेल इतक्या मोठ्याने म्हणू नका. त्याच्या अभ्यासाची चौकशी करा, त्याच्या आईचा हात धरा. एवढं तर आपण करूच शकतो ना?