कौलांचा कारखाना आणि बंदुकीची किंमत

मे महिना सरत आला की नागावच्या वाड्यांमधून घरे शाकारण्याची गडबड उडते. नारळी-पोफळीच्या सावलीतल्या घरांपैकी पुष्कळांवर आता स्लॅब पडला, तरी अक्षीपासून चौलपर्यंतच्या रस्त्याने जाताना कौलारू छपरे अजून दिसतात. फुटके कौल काढायचे, वाशांवरचा पाला-कचरा झाडायचा आणि पाऊस यायच्या आत नवे कौल बसवायचे. कौलासारखी निरुपद्रवी वस्तू दुसरी नसेल. मातीची, साधी, डोक्यावर असूनही जिच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही अशी.

नेमक्या याच कारणासाठी एका मराठी माणसाने कधीकाळी कौलांचा कारखाना काढला होता. तोही इथे कोकणात नव्हे, तर थेट हिमालयाच्या कुशीत, नेपाळात. कौले ही केवळ वरची ओळख होती. मनातला माल वेगळा होता : बंदुका. आणि हा कारखानदार कोण, तर पुढे ज्यांच्या ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ या नाटकांनी महाराष्ट्राला वेड लावले, ते नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर!

खाडिलकरांचा जन्म सांगलीचा, २५ नोव्हेंबर १८७२ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले, काही काळ त्यांनी शिक्षकी केली, कायद्याचाही अभ्यास केला. पण ओढ होती ती लेखणीची. वयाच्या पंचविशीपूर्वीच ‘सवाई माधवराव यांचा मृत्यू’ हे नाटक त्यांच्या हातून लिहून झाले होते. पुढे ते ‘केसरी’त आले आणि टिळकांचे विश्वासू सहकारी बनले. एखादा दुसरा असता तर इथेच स्थिरावला असता. घर, अग्रलेख, नाटके आणि मानमरातब, सगळे पुण्यातच मिळण्यासारखे होते.

पण काळच तसा नव्हता. १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणे हा हिंदी माणसाचा गुन्हा ठरला होता. इकडे १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेतले बोअर शेतकरी मूठभर असूनही इंग्रजांच्या बलाढ्य फौजेला जेरीस आणत होते. त्यांच्या हातात जर्मन माउझर रायफली होत्या. खटका मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर, पुढे ढकलला की नवे आत. पाच गोळ्या पाठोपाठ झाडता येत. जुन्या बंदुकीची नळी ठासत बसणाऱ्याचा जमाना त्या खटक्याने संपवला होता. आपल्याकडेही अशी बंदूक असती तर, हा विचार तेव्हा कितीतरी तरुण मनांत येत असणार.

एक बंदूक म्हणजे किती खर्च?

बंदूक चोरून आणावी, की विकत घ्यावी, की स्वतः बनवावी? चोरीची बंदूक एखादी मिळते, विकतची बंदूक मागमूस ठेवते. उरला तिसरा मार्ग. पण तो वाटतो तितका सरळ नाही. लोहार नांगराचा फाळ घडवतो, तशी रायफल घडत नाही. पोलादाचा भरीव दांडा घेऊन त्यातून केसाइतकीही न कलणारी आरपार वाट कोरावी लागते. मग त्या वाटेच्या आतून मळसूत्री खाचा पाडाव्या लागतात. त्यांच्यामुळेच गोळी गिरक्या घेत सरळ जाते. खटक्याच्या टोकाची बोंडे त्यांच्या खाचेत बेमालूम बसली पाहिजेत, कारण स्फोटाचा सगळा धक्का तीच झेलतात. पोलाद मऊ राहिले तर झिजेल, फाजील कडक झाले तर फुटेल आणि इजा होईल ती शत्रूला नव्हे, बंदूक चालवणाऱ्यालाच.

आणि एवढे करून बंदूक झाली, तरी ती काडतुसाशिवाय काठीच! पितळेची टोपणे, आघाताने पेटणारी दारू, बिनधुराची दारू, या प्रत्येकाचा स्वतंत्र कारखाना हवा. म्हणजे एक बंदूक करायची झाली तर तिच्या मागे यंत्रे, मापे, कारागीर आणि पोलाद एवढा सगळा पसारा उभा करावा लागतो. पहिल्या बंदुकीवर हा सारा खर्च चढतो. हजारावी बंदूक मात्र स्वस्त पडते. सरकारला हे परवडते. इंग्रजांनी १९०४ मध्ये बंगालमध्ये ईशापूरला रायफलींचा कारखाना काढला, तेव्हा त्यांच्यामागे साऱ्या हिंदुस्थानचा खजिना होता. चार ध्येयवेड्या माणसांच्या खिशात काय असणार?

म्हणूनच नजर वळली ती नेपाळकडे. ते हिंदू राज्य इंग्रजांच्या थेट अमलाखाली नव्हते. तिथे बंदुका घडवण्याची परंपराही होती. राणा घराण्यातल्या गेहेंद्र शमशेर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वतःच्या आराखड्याने रायफल आणि ‘बीर’ नावाची तोफवजा बंदूक तयार करून घेतली होती. पण तीही हातकामाची. एका बंदुकीचा भाग दुसरीला बसत नसे. युद्धात एक खिळा मोडला की अख्खी बंदूक निकामी. हातकाम आणि यंत्रकाम यांतला हा फरक म्हणजेच खरा हिशेब होता.

कृष्णरावांचे बिऱ्हाड

विसाव्या शतकाच्या आरंभी चित्रशाळा छापखान्याचे वासुकाका जोशी आणि खाडिलकर या मंडळींनी नेपाळशी धागे जुळवले. टिळकांचा या उद्योगाला पाठिंबा होता. खाडिलकर ‘कृष्णराव’ या नावाने तिथे राहिले आणि कौलांचा कारखाना निघाला. जर्मनीतून बंदुकांची यंत्रे आणण्याचा बेत होता.

वाचकहो, क्षणभर त्या तिशीतल्या माणसाची कल्पना करा. भाषेवर प्रेम करणारा लेखक, आणि जिथे मराठी बोलायला माणूस मिळणे कठीण अशा मुलखात, चिखलमाती, भट्ट्या आणि मजुरांच्या हजेऱ्या सांभाळत दिवस काढतो. स्वतःचे नाव सांगायचे नाही. पत्रात मनातले लिहायचे नाही. घरच्यांनी विचारले तर उत्तर द्यायचे नाही. पैशाच्या खर्चाची बेरीज करता येते, या खर्चाची करणार कशी?

शेवटी हिशेब जुळला नाही. १९०१ मध्ये सत्तेवर आलेले पंतप्रधान चंद्र शमशेर यांचे धोरण इंग्रजांना सांभाळून घेण्याचे होते. १९०४ मध्ये इंग्रजांची फौज तिबेटात शिरली, तेव्हा नेपाळने इंग्रजांनाच मदत केली. अशा दरबाराच्या छायेत इंग्रजांविरुद्ध रायफली घडणार कशा? इंग्रजांना संशय आला. बेत सोडून द्यावा लागला आणि खाडिलकर परतले. कौले भाजली गेली, बंदुका राहूनच गेल्या.

लेखणीची जमाबाजू

हे सारे फुकट गेले म्हणावे काय? परतल्यावर खाडिलकरांनी लेखणी हातात घेतली. १९०७ मध्ये ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले. कथा महाभारतातली, पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि सैरंध्रीत परतंत्र मातृभूमी. १९१० मध्ये सरकारने या नाटकावर बंदी घातली. ज्या सरकारला नेपाळातल्या कारखान्यातून एकही गोळी लागली नाही, ते रंगवलेल्या पडद्यासमोरच्या भीमाला घाबरले!

१९०८ मध्ये टिळक मंडालेला गेल्यावर ‘केसरी’ची धुरा खाडिलकरांनी उचलली. १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले. त्याचा नायक धैर्यधर हा सैनिकच आहे : शूर, पण निर्धन. आणि गंमत पहा, ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मुंबईत याच नाटकाचा संयुक्त प्रयोग केला, तो टिळक स्वराज्य फंडासाठी. कौलांच्या कारखान्याला जो पैसा कधी पुरला नसता, तसा पैसा आता धैर्यधर आणि भामिनी देशासाठी उभा करत होती.

१९२३ मध्ये त्यांनी ‘नवाकाळ’ सुरू केला. १९२९ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना तुरुंगवास झाला. तेव्हा ते साठीकडे झुकलेले होते. उत्तरायुष्यात ते अध्यात्माच्या लेखनात रमले. २६ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याचे एक वर्ष पाहून, ते गेले.

लेखणी श्रेष्ठ की बंदूक, असा सोपा निकाल यातून काढू नये. खाडिलकरांनी स्वतः दोन्हींची किंमत मोजून पाहिली होती. बंदुकीचा सौदा आवाक्याबाहेरचा निघाला, म्हणून ते हात झाडून घरी बसले नाहीत. हातात जे होते त्याने लढत राहिले. कदाचित नेपाळातल्या त्या मुक्या दिवसांनीच त्यांच्या भीमाला आवाज दिला असेल.

यंदा घर शाकारताना एखादे कौल हातात आले, तर क्षणभर त्याच्याकडे पहा. अशाच एका कौलाआड एका नाटककाराने आपले सर्वांत धाडसी कथानक लपवले होते.