अमोस स्टॅग : मैदानावरचा प्राध्यापक

संघ जिंकला की खेळाडूंची मिरवणूक निघते आणि हरला की सर्वांचे बोट प्रशिक्षकाकडे वळते. आपल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतला पराभव चार दिवसांत विसरला जातो. अमेरिकेत मात्र तसे नाही. तेथे विद्यापीठांचे फुटबॉल सामने पाहायला माणसांची जत्रा लोटते आणि दोन-तीन हंगाम वाईट गेले की प्रशिक्षकाची नोकरी धोक्यात येते. (हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे; लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा.) अशा देशात एका विद्यापीठात ४१ हंगाम टिकलेले प्रशिक्षक म्हणजे अमोस अलोन्झो स्टॅग.

त्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ रोजी न्यू जर्सी राज्यातील वेस्ट ऑरेंज येथे झाला. वडील जोडे शिवत आणि मिळेल ती मजुरी करीत. येल विद्यापीठात शिकताना स्टॅग थंडगार माळ्यावर राहिले आणि पोटाला चिमटा घेऊन आजारीही पडले. घरातून प्रथमच कॉलेजची पायरी चढणाऱ्या माझ्यासारख्याला हे दिवस समजावून सांगावे लागत नाहीत. बेसबॉलमध्ये ते इतके निपुण होते की व्यावसायिक संघांनी पैसे पुढे केले. त्यांनी ते नाकारले. धर्मोपदेशक व्हायचा विचार होता, पण वक्तृत्व साधेना. मग तरुणांना मैदानावरच घडवायचे त्यांनी ठरविले.

येलमधील त्यांचे गुरू विल्यम हार्पर नव्या शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. १८९२ मध्ये त्यांनी स्टॅग यांना २५०० डॉलर पगार आणि कायम स्वरूपाचे सहयोगी प्राध्यापकपद दिले. प्रशिक्षकाला इतर प्राध्यापकांच्या पंक्तीला बसविणारी ही गोष्ट त्या काळी नवीनच होती.

स्टॅग यांनी या विश्वासाचे चीज केले. १९०५ मध्ये शिकागोने मिशिगनला २-० असे हरवून त्यांची ५६ सामन्यांची अपराजित मालिका तोडली. प्रादेशिक स्पर्धेची सात विजेतेपदे आली. मैदानालाही स्टॅग यांचे नाव मिळाले. पण गर्दीला विजयाची चटक लागते, आणि ती चटक लावण्यात स्टॅग यांचाही हात होता, हे मान्य केले पाहिजे. १९२४ नंतर विजेतेपद आले नाही. पराभव वाढू लागले. दुसरीकडे अशा वेळी प्रशिक्षकाला नारळ मिळाला असता. स्टॅग यांना मात्र कोणी हात लावू शकले नाही, कारण त्यांची नोकरी धावफलकावर लिहिलेली नव्हती.

अखेर त्यांना घालविले ते वयाच्या नियमाने. सत्तरी गाठल्यावर १९३२ च्या हंगामानंतर त्यांना निवृत्त व्हावे लागले. सल्लागाराची खुर्ची मिळत होती. ती त्यांनी नाकारली. ते कॅलिफोर्नियातील पॅसिफिक कॉलेजात गेले. १९४३ मध्ये, ८१ व्या वर्षी, देशातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून त्यांची निवड झाली. पुढचे हंगाम पराभवाचे गेले आणि १९४६ मध्ये तेथेही बाजूला होण्याची वेळ आली. तीन वर्षांपूर्वीचा सन्मान आड आला नाही! मग पेनसिल्व्हेनियात मुलाच्या संघाला त्यांनी मदत केली आणि पत्नीच्या आजारपणामुळे ते स्टॉकटनला परतले. १७ मार्च १९६५ रोजी वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर शिकागोचा संघ १९३९ मध्ये मिशिगनकडून ८५-० असा हरला आणि त्याच वर्षी विद्यापीठाने फुटबॉलच बंद केला. ओस पडलेल्या त्या स्टॅग मैदानाच्या प्रेक्षकसज्जाखाली २ डिसेंबर १९४२ रोजी जगातील पहिली नियंत्रित अणुशृंखला प्रक्रिया यशस्वी झाली. टाळ्यांची जागा प्रयोगाने घेतली.

जिंकणाऱ्या प्रशिक्षकाला संरक्षणाची गरज नसते. ती हरत्या वर्षी लागते. वर्गातील दोन मुले नापास झाली म्हणून आपण प्राध्यापकांना घरी पाठवीत नाही. मग मैदानावरचा गुरू तेवढा प्रत्येक शनिवारी परीक्षेला का बसावा? हार्पर यांनी १८९२ मध्ये या प्रश्नाचे उत्तर दिले होते. चाहत्यांना ते अजून पटायचे आहे.