डॉ. जॉन विल्सन आणि बेने इस्राएल

अलिबाग तालुक्यातील नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज येथे उतरले, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा आहे. तेलाचा घाणा चालविणारे आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे लोक कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. या समाजाच्या इतिहासाशी प्रॉटेस्टंट मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांचे नाव जोडले गेले आहे.

विल्सन यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडमधील लॉडर येथे झाला. १८२९ मध्ये ते पत्नी मार्गारेट यांच्यासह मुंबईस आले व मराठी शिकले. पुढे विल्सन महाविद्यालय म्हणून नावारूपास आलेल्या शाळेचा पाया त्यांनी १८३२ मध्ये घातला. त्याच वर्षी बेने इस्राएलांसाठी त्यांनी हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत सिद्ध केले.

यामागे एक श्रद्धा होती. ख्रिस्तसभा आल्यावर इस्राएलला दिलेली वचने तिच्याकडे आली आणि इस्राएलचे स्थान संपले, असे अनेक ख्रिस्ती शतकानुशतके मानीत आले. स्कॉटलंडच्या चर्चमधील अनेकांचे मत निराळे होते. देवाने आपल्या लोकांना टाकलेले नाही, एके दिवशी ते ख्रिस्ताकडे वळतील, अशी त्यांची आशा होती. हिब्रू शास्त्र वाचता आले की बेने इस्राएल ख्रिस्ताला ओळखतील, ही मिशनऱ्यांची अपेक्षा होती.

घडले वेगळेच. बाप्तिस्मा घेणारे फारच थोडे निघाले. मिशनच्या शाळांत मिळालेल्या विद्येने हा समाज आपल्या पूर्वजांच्या धर्मात अधिकच दृढ झाला. १ डिसेंबर १८७५ रोजी विल्सन मुंबईत निवर्तले. त्यांची अपेक्षा पुरी झाली नाही. त्यांचे श्रम मात्र वाया गेले नाहीत.

रोमकरांस पत्रात संत पौल रानटी जैतुनाच्या फांदीचा दृष्टान्त देतो. कलम झालेल्या फांदीने मुळापुढे गर्व करू नये, हा त्याचा बोध. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ मध्ये हीच शिकवण पुढे आणली. ख्रिस्त सर्वांचा तारणारा आहे आणि इस्राएलशी केलेला देवाचा करार रद्द झालेला नाही. या दोन सत्यांचा मेळ देवाच्या गूढ योजनेत आहे, असे व्हॅटिकनच्या २०१५ च्या दस्तऐवजाने मांडले. यहुद्यांच्या धर्मांतरासाठी कॅथलिक ख्रिस्तसभा कोणतेही संस्थात्मक मिशनकार्य चालवीत नाही, हेही त्यात स्पष्ट केले आहे.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल कुटुंबे इस्राएलला गेली. अलिबागच्या इस्राएल आळीतील मागेन अबोथ सिनेगॉग मात्र उभे आहे. त्यावरून जाताना आपण कोणत्या मुळावर कलम झालो आहोत, याचे आपणांस नम्रपणे स्मरण व्हावे.