भुशातून ताकद उभी करणारे लिओ बेकलँड

उंब्रज : कुकरची काळी मूठ, जुन्या घरातलं विजेचं काळं बटण आणि सुतार स्वयंपाकघरासाठी सुचवतो ते पाण्यात टिकणारं प्लायवूड. या तिन्हींच्या मुळाशी एकच माणूस आहे, लिओ बेकलँड.

त्यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८६३ चा, बेल्जियममधल्या गेंट शहरातला. वडील बूट शिवायचे, आई लोकांच्या घरी धुणीभांडी करायची. आईच्या आग्रहामुळं पोरगं शिकलं. शहराची शिष्यवृत्ती मिळाली आणि अवघ्या २१ व्या वर्षी ते रसायनशास्त्रात डॉक्टर झाले. १८८९ मध्ये आपल्या प्राध्यापकांच्या मुलीशी लग्न करून त्यांनी अमेरिका गाठली. दिव्याच्या उजेडात फोटो छापता येईल असा कागद त्यांनी तयार केला. १८९९ मध्ये कोडॅकनं तो धंदा मोठी रक्कम मोजून विकत घेतला. बसून खाता आलं असतं, पण त्यांनी घरालगत प्रयोगशाळा थाटली.

तेव्हा वीज नवी होती. तारा आणि यंत्रं झाकायला लाख लागायची. ती यायची मुख्यतः भारतातून, पळस, बोर, कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यांपासून. मागणी वाढली, लाख महागली. बेकलँड पर्याय शोधू लागले. कोळशाच्या डांबरातून निघणारं फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र तापवलं की चिकट राळ व्हायची. आधीच्या शास्त्रज्ञांच्या भांड्यात ती घट्ट बसायची, म्हणून त्यांनी तिचा नाद सोडला होता.

बेकलँड यांची पहिली बनावट लाख बाजारात चालली नाही. मग ही राळ लाकडात मुरवून लाकूड टणक करण्याचा प्रयत्न झाला. तिथंही मनासारखं जमेना. तेव्हा त्यांनी राळेवरच लक्ष दिलं. नुसतं तापवलं की तिला फेस येई. म्हणून जाड लोखंडी भांड्यात, आपल्या कुकरसारख्या दाबाखाली ती शिजवली. १९०७ मध्ये हे साधलं. त्या राळेत बारीक लाकूडभुसा मिसळून साच्यात दाबला की हवी ती वस्तू तयार. भुशामुळं ठिसूळपणा कमी झाला, खर्चही वाचला. एकदा घट्ट झालं की ते पुन्हा वितळत नाही आणि त्यातून वीजही जात नाही. नाव पडलं बेकेलाइट.

फेब्रुवारी १९०९ मध्ये न्यूयॉर्कला रसायनशास्त्रज्ञांपुढं त्यांनी हा शोध मांडला. १९१० मध्ये कंपनी काढली आणि १९३९ मध्ये ती विकली. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी, ८० व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

त्याच जातीची राळ आज बीडब्ल्यूपी शिक्क्याच्या प्लायवूडमध्ये पदर जोडते. एमआर शिक्क्याच्या मालात बहुधा युरियाची राळ असते. तो दमट हवा सोसतो, पण सतत पाणी लागलं की पदर सुटतात. मोरीजवळच्या कपाटासाठी माल घेताना शिक्का बघूनच घ्यावा. अन् उरलेले तुकडे चुलीत घालू नयेत. लाकडाबरोबर राळही जळते आणि तो धूर घातक असतो.